वायलं ऱ्हायचं म्हणजे

“आबा, म्या आता वायलं ऱ्हावं म्हणतुया.”

“कवाधरनं हाय हे डोक्यात?”

“दिवाळीधरनं. हितनं पहाटंचं काम हुईना. अफजलभाई म्हणतुया, बारामतीत ऱ्हा, पहाटंचं समदं फोन तुझ्याकडं देतो.”

“अफजलभाई म्हणतुया व्हय,” सोनबा म्हणाला. हातातली वैरण त्यानं गव्हाणीत टाकली आणि तो गोठ्याबाहेर निघून गेला.

बिरदेवला वाटलं, सुटलो. आबा चिडला न्हाय, आयमायवर आला न्हाय. बोलायचं ते बोलून झालं. त्यानं गाईला धारेची मशीन लावली आणि शीळ घातली.

तितंच तो फसला होता.

शेळगावात वायलं ऱ्हायचं म्हणजे एकच अर्थ. चूल वायली, दावण वायली, बांध वायला. म्हणजे वाटणी. नोकरीपायी खोली घेऊन ऱ्हाणाऱ्याला ‘बारामतीला असतो’ म्हणत्यात, ‘तिकडं खोली केलीया’ म्हणत्यात. वायला झाला असं कुणी म्हणत न्हाय. बिरदेवला हे ठाऊक न्हवतं असं न्हाय. पण दुकानात येणारी शिकलेली पोरं ‘आम्ही वेगळं राहतो’ म्हणायची. त्यानं त्यांचा शब्द उचलला आणि त्याला शेळगावची कापडं घातली. आणि दुसरं असं, की वाटणी मागणारा कधी खरं कारण सांगत न्हाय. कुणी पोराच्या शाळेचं सांगतो, कुणी बायकोच्या कंबरेचं. सोनबानं आपल्या उभ्या जन्मात अशा पंधरावीस वाटण्या बघितल्या होत्या. पोरगं कामाचं सांगतंय म्हणल्यावर त्याची खात्रीच पटली.

बिरदेव सोनबाचा धाकला. थोरला विजयसिंह. थोरल्याचं नाव शाळेतल्या मास्तरांनी सुचवलं, धाकल्याचं नवसानं आलं. विजयसिंह शेती बघतो. त्याची बायको स्वरूपा, तिला ह्या घरात येऊन आठ वर्षं झाली. बिरदेव पंचवीस वर्षांचा, लग्न अजून व्हायचं. तो बारामतीत अफजलभाईच्या दुकानात मिस्त्री हाय. दुकान गाईंच्या धारा काढायच्या मशीनचं. विकायच्या आणि दुरुस्त बी करायच्या. बिरदेवचा हात चांगला. मशीनचा नुसता आवाज ऐकून नळी कुठं हवा धरतीय ते सांगायचा.

पण ह्या मशीनला एक खोड हाय. ती दुपारी मोकळी असताना बिघडत न्हाय. पहाटं पाचला, वीस गाई दावणीला तटून उभ्या असताना बंद पडती. गाईला थांब म्हणून चालत न्हाय. कास दगडावानी हुती. त्या वक्ताला जो मिस्त्री अर्ध्या तासात गोठ्यात उभा ऱ्हातो, तो गोठेवाल्याचा माणूस. त्याचं नाव ते फोनमदी घालून ठेवत्यात, लग्नाला बोलवत्यात. दिवसा जाणारा तो नुसता रबरं बदलणारा. शेळगावातनं फटफटीवर अंथुर्णं, लासुर्णं, जंक्शन करत बारामतीत जायला पाऊण तास, आणि पुढं गोठा कुठल्या कोपऱ्यात आसंल तो. बिरदेव पोचस्तवर माणसांनी हातानं धारा काढलेल्या असायच्या आणि त्याच्या वाटणीला शिव्या शिल्लक असायच्या. म्हणून पहाटंचे फोन रुईच्या अविराजकडं जायचे. अविराज बिरदेवच्याच हाताखाली शिकलेला. बिरदेवच्या पोटात खरी कळ ती होती.

बारकी कळ दुसरी बी होती. विजयसिंहाचं लग्न झाल्यापासनं बिरदेव सोप्यात निजायचा, खताच्या पोत्यांशेजारी. घरात त्याला जागा होती, कोपरा न्हवता. कुणीबी उठावं आणि त्याच्या अंगावरनं जावं.

अफजलभाईची थोरली बहीण खतिजाआपा. तिच्या घराच्या मागल्या अंगाला एक खोली रिकामी होती. दहा बाय दहा, आत नळ, भिंतीत कोनाडा, दाराला आतनं कडी. बिरदेव दिवाळीनंतर एकदा विजयसिंहाला फटफटीवर मागं घालून ती खोली दावायला घेऊन गेला होता. विजयसिंहानं नळ सोडून बघितला, कडी लावून बघितली. “पाणी बरं हाय,” म्हणाला. येताना लासुर्ण्यात दोघांनी वडापाव खाल्ला.

तर गोठ्यात हे बोलणं झालं बुधवारी. रविवारी सकाळी बिरदेव उठून बघतो तर अंगणात सतरंजी. तिच्यावर त्याचा चुलता गेणबा आणि भावकीतली दोन माणसं बसलेली. सोनबा धुतलेली टोपी घालून.

“बस,” गेणबा म्हणाला. “लाजतुयास कशाला? वाटणी कुणाला चुकली न्हाय. म्या तुझ्या बापापासनं वायला झालो तवा तू आईच्या पोटात बी न्हवतास.”

“तात्या, म्या खोली म्हणलो हुतो. वाटणी कुणी मागितली?”

“वायलं म्हणलास का न्हाय?”

“म्हणलो, पर…”

“मग झालं की. वाटणी म्हणाय त्वांड वर हुईना म्हणून खोली म्हणलास. व्हतंय असं. म्या तर बापाला सांगितलं हुतं, मला आमटी तिखट लागती.”

भावकीतली माणसं हसली. सोनबा हसला न्हाय.

बिरदेवनं विजयसिंहाकडं बघितलं. नळ सोडून बघणारा तेवढा एकच साक्षीदार होता. विजयसिंह काडीनं चपलंतला चिखल उकरत बसला होता.

“दादा, सांग की.”

“म्या काय सांगू? तू आबास्नी म्हणलास, तवा म्या काय गोठ्यात हुतो?”

सोनबानं घसा खाकरला. “पोराला दोनदा मागाय लावनारा बाप म्या न्हवं,” तो म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती. “उद्या गावात म्हणतील, सोनबानं पोराला अडवून धरला, पोरगं दारोदार पंच गोळा करत हिंडलं. म्या व्हऊ देनार न्हाय. काय आसंल ते आज करून टाका.”

“एका शब्दात बोल, बिरदेवा,” गेणबा म्हणाला. “वायलं ऱ्हायचं का न्हाय?”

हितं बिरदेवला ‘न्हाय’ म्हणता आलं असतं. कुणी त्याचं त्वांड दाबलं न्हवतं. पण त्यानं असा इचार केला, की आता न्हाय म्हणलं तर खोलीचं नाव बी पुढं पाच वर्षं काढता यायचं न्हाय. व्हय म्हणलं तर आपण मोकळं. वायल्या माणसाला कोण इचारतंय कुठं ऱ्हातोस म्हणून? दोन गाई वाट्याला आल्या तर विकून टाकू आणि जाऊ. शेत खंडानं लावू. त्याला हा इचार लई हुशारीचा वाटला.

“व्हय,” तो म्हणाला. “वायलंच.”

सोनबानं तेवढ्यापुरतं वर बघितलं. मग परत खाली.

वाटणी दोन तासांत झाली. चार गाई, दोन-दोन. जमीन बांधावरनं आरपार. विहिरीचं पाणी दिवसाआड. घराच्या मधनं भिंत घालायची, सोपा आणि सैपाकघर थोरल्याला, मधलं घर आणि मागली खोली धाकल्याला, धाकल्यानं मागनं दार पाडून घ्यायचं. धारेची मशीन एकच होती, बिरदेवनंच दुकानातनं जुनी आणून दुरुस्त करून बसवलेली. विजयसिंह म्हणाला, “तो मिस्त्री हाय, त्याला काय कमी? दुसरी करंल.” सगळ्यांना पटलं. मशीन थोरल्याला गेली.

मग गेणबानं चहाची बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि म्हणाला, “आता ऱ्हायली म्हातारा-म्हातारी. रीतीपरमानं करा. सोनबा थोरल्याकडं, भागूबाई धाकल्याकडं.”

ही रीत कुणी कुणाला सांगत न्हाय, सगळ्यांना ठाऊकच असती. बाप थोरल्याच्या ताटाला, आई धाकल्याच्या. बिरदेवला बी ठाऊक होती. पण त्यानं मनात जी यादी धरली होती तिच्यात गाई होत्या, जमीन होती, विहिरीवरची मोटर होती. आई त्या यादीत न्हवती.

भागूबाई चहाची भांडी गोळा करत होती. “मला इचारलं का कुणी?” ती म्हणाली.

“तुला काय इचारायचं? रीत हाय,” गेणबा म्हणाला.

“गाय बाजारात न्ह्यायची म्हणलं तरी आदी पाणी पाजत्यात,” ती म्हणाली. भांडी घेऊन उठली आणि दाराशी जाऊन थांबली. कुणाच्या चुलीकडं न्यायची ते तिला उमगंना. स्वरूपानं येऊन तिच्या हातातनं काढून घेतली.

आठ दिवसांत भिंत उभी ऱ्हायली. सिमेंटच्या ठोकळ्यांची, पत्र्यापतुर न्हेलेली न्हाय, वर दीड हात उघडी. सोनबा एकदा ठरलं म्हणजे ठरलं असला माणूस. पंचांनी थोरल्याकडं म्हणलंय म्हणल्यावर तो भागूबाईच्या हातचा चहा सुदीक घेईना. पस्तीस वर्षं एका डबीतली तंबाखू मळून खाल्लेली माणसं, आता एक भिंतीच्या अल्याड, एक पल्याड. सोनबा खोकला की भागूबाई भाकरी थापता थापता म्हणायची, “खोकला कोरडा हाय. काढा दिला न्हाय वाटतं कुणी.”

भिंतीवरनं स्वरूपाचा आवाज यायचा, “दिलाय आत्या. ऐकू येतंय आमाला.”

“मला काय म्हाईत? आमी काय तुमच्यातली?”

स्वरूपाचं बी खोटं न्हवतं. आठ वर्षं तिनं पाच माणसांच्या भाकरी थापल्या होत्या, आणि दिराच्या डब्याला काय घालायचं हे तिला सासूला इचारावं लागायचं. भिंत झाली त्या दिवशी तिनं डबं-फडताळ आपल्या मनासारखं लावलं. गुणगुणत लावलं.

बिरदेव मातुर साडेचारला उठून दोन गाईंच्या धारा हातानं काढायला लागला. गाई विकायच्या हे गोठ्यात त्यानं एकदा बोलून बघितलं. भागूबाई म्हणाली, “इक. मग म्या दिवसभर काय भिंतीकडं बघत बसू?” तिचे गुडघे गेलेले, दावणीशी वाकवत न्हवतं, शेण बिरदेवच काढायचा. डेअरीला दूध घालायचं, अंघोळ करायची, नऊला बारामती. दुकानात अविराज पहाटंचे दोन-तीन गोठे करून आलेला असायचा, चहा पीत बसलेला. “दादा, लोणी भापकरला आज लय बेक्कार फसलो हुतो,” असं सांगायचा. बिरदेव ऐकायचा.

एकदा त्यानं आईला म्हणलं, “चल की तू बारामतीला. खोली चांगली हाय. आपा चांगली हाय.”

“म्या वाटणीत आलीया,” भागूबाई म्हणाली. “जितं दिली तितं ऱ्हायाची. घर सोडून खोलीत मराय गेली म्हणतील आन् नाव तुझ्या बापाचं जाईल.”

“बाप तुझा चहा पीत न्हाय.”

“त्यो त्याचा हट. माझा माझ्याकडं.”

तीन आठवड्यांनी बिरदेव उसाला पाणी धरून बांधावर उभा होता. विजयसिंह पलीकडनं आला. बिडी पेटवली, दुसरी बिरदेवला दिली.

“खोलीचं काय केलंस?”

“हाय अजून. आपानं म्हयनाभर ठेवलीया.”

“मग जा की. हितं कशाला सडतुयास? आई जेवल आमच्यात, स्वरूपा न्हाय म्हणत न्हाय. गाई माझ्या दावणीला ऱ्हातील. तुझ्या वाट्याचं रान म्या करतो.” विजयसिंहानं धूर सोडला. “तेवढं एका कागदावर लिहून दे. उद्या भावाभावात तंटा नको.”

“किती वर्सांसाठी?”

“आता वर्सं कशाला घालायची? तू काय परत नांगर धरनार हायस व्हय?”

पाण्याचा पाट फुटला होता. बिरदेवनं खोऱ्यानं माती ओढून तो बांधला. मग म्हणाला, “खोली बघाय आलास, तवाच ठरलं हुतं व्हय हे?”

“खुळा हायस का? म्या तुला वायलं म्हण म्हणलो हुतो? आठ वर्सं स्वरूपा माझ्या कानाशी लागली हुती, वायलं ऱ्हाऊ, वायलं ऱ्हाऊ. म्या आबांपुढं एकदा त्वांड उघडलं न्हाय. तू उघडलंस. मग म्या कशाला मिटवू?”

बिरदेवनं खोरं खांद्यावर टाकलं. चार दिवसांनी सांगतो म्हणाला.

ते चार दिवस त्यानं खरंच इचारात घातले. फटफटीवर जाता येता तो सगळं मांडून बघायचा. गेलो तर खोली मिळती. पहाटंचं काम मिळतं, अफजलभाई शब्दाचा माणूस. आई उपाशी मरत न्हाय, स्वरूपा वैनी बोलंल पर वाढंल. उलट आई आणि आबा एका ताटाला येत्यात. भिंतीत दार पाडलं तरी चाललं. हिकडून बघा, तिकडून बघा, जाण्यातच सगळ्यांचं बरं होतं. अडायचं ते एकाच जाग्यावर. विजयसिंहाचं बी बरं होत होतं. काडीनं चपलंतला चिखल उकरत बसलेला विजयसिंह, त्याला न बोलता सगळं मिळत होतं. रान, गाई, मशीन, आणि वर आईला सांभाळलं म्हणून नाव. हे आठवलं की बिरदेवच्या कानाच्या पाळ्या तापायच्या आणि पुढचं सगळं गळून पडायचं.

पाचव्या दिवशी तो बांधावर गेला. “न्हाय देत लिहून,” म्हणाला. “म्या हितंच ऱ्हातो.”

विजयसिंहानं तोंडातली बिडी काढली. “आईपायी?”

“आईपायी.”

ही गोष्ट सांजच्याला गावभर झाली. देवळाच्या पारावर माणसं म्हणाली, पोरगं असावं तर असं. गेणबानं त्याला रस्त्यात थांबवून पाठीवर थाप मारली. एका पाव्हण्यानं आपली भाची सुचवली. श्रेया नाव, बारावी झालेली, आईला सांभाळणारा गडी पायजे म्हणत होती म्हणं.

भागूबाईनं त्याच्या ताटात भाकरी टाकली. “माझ्यासाठी ऱ्हायलास म्हणत्यात गावात.”

“मग?”

“म्या कवा ऱ्हा म्हणली तुला?”

बिरदेवनं भाकरी मोडली.

“विजूच्या घशात जाऊ नये म्हणून ऱ्हायलास,” ती आवाज खाली आणून म्हणाली, कारण भिंत वर उघडी होती. “समद्यात बापावर गेलास तू. वाईस कालवण घे.”

दुसऱ्या दिवशी दुकानात तो एका मशीनचा पंप खोलून बसला होता. अफजलभाई पट्ट्याच्या खुर्चीत. खतिजाआपा मागल्या दारातनं आल्या, हातात कुलूप आणि किल्ली.

“बिरदेव, म्हयना भरला बाबा. म्या चुना बी मारून घेतला. येतुयास, का देऊ दुसऱ्याला?”

“द्या आपा दुसऱ्याला.”

“आईला घेऊन ये की. मला बी सोबत व्हईल. म्या दिवसभर एकटीच हाय.”

“न्हाय येत ती.”

 आपा किल्ली पदराला बांधून गेल्या. अफजलभाईनं चष्मा काढला. “चांगलं केलंस. ह्या वयात पोरं आईला टाकून जात्यात. तुझं वाईट न्हाय व्हायाचं. अल्ला बघतोय.”

बिरदेवनं पंपातली पाती काढली, फडक्यानं पुसली, उजेडाकडं धरून झीज बघितली.

“आईचं काय न्हाय भाई,” तो म्हणाला. “भावाला मिळू नये म्हणून ऱ्हायलो.”

 रस्त्यावरनं उसाची ट्रॉली गेली, दुकानातल्या नळ्या हलल्या.

“हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस,” अफजलभाई म्हणाला. “पोरगी बघत्यात न्हवं तुला?”

“व्हय.”

“मग तर बिलकुल सांगू नकोस.”

फोन वाजला. कटफळचा गोठेवाला होता. “घाई न्हाय,” तो म्हणाला, “पहाटं अविराज येऊन चालू करून गेलाय. रबरं तेवढी जुनी झाल्यात म्हणत हुता. कुणाला तरी दुपारपतुर धाडून द्या.”

“म्याच येतो,” बिरदेव म्हणाला. त्यानं पंपाची पाती ओळीनं फडक्यावर मांडून ठेवली, फळीवरनं रबरांचा खोका काढला, पाना आणि पकड पिशवीत टाकली. फटफटीला किक मारली आणि पेन्सिल चौकातनं कटफळच्या रस्त्याला लागला.